छोटा ट्रॅक्टर घेताना नुसता एचपी बघू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार. आमच्या यावल, रावेर भागात आता ज्याला त्याला मिनी ट्रॅक्टर पाहिजे, मजूर भेटत नाही म्हटल्यावर करणार काय. पण शोरूमवाले फक्त एचपी अन् हप्ता सांगतात हो, कामाचं कोणी बोलतच नाही.

मी मागच्या साली केळी अन् लिंबूच्या बागेसाठी घेतला, तेव्हा रुंदी मोजलीच नाही. केळी पाच बाय पाच फुटांवर, मधे पानं झुकलेली, त्यात ट्रॅक्टर चार फुटांच्या वर, मग खोडं सोलली जाणारच ना! घरच्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. म्हणून आधी टेप घेऊन बागेत जा, मग शोरूमला.

दुसरं म्हणजे इंजिनचा एचपी वेगळा अन् पीटीओला, म्हणजे औजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला, मिळणारा वेगळा, तो कमीच असतो. रोटाव्हेटर, गवत कापायचं स्लॅशर, फवारणीचा ब्लोअर, सगळं त्या पीटीओवरच चालतं, बहुतेक औजारांना ५४० आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतो, म्हणून पीटीओचा आकडा विचारा. आपली काळी जमीन पाऊस पडला की चिकट, तिथं फोर व्हील ड्राइव्ह असला तर चाक कमी फसतं, पैसे जास्त जातात पण मला तरी पटलं. बांधावरचं गवत मात्र मी अजून ब्रश कटरनेच काढतो, उतारावर ट्रॅक्टर नेणं म्हणजे उलटायचीच भीती.

डीलरने डेमो शोरूमच्या अंगणात नाही, आपल्या वावरात द्यावा, एवढं छापा.

– एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव