बी.एड.वाल्यांना फीमाफी पुरत नाही, महिन्याचं विद्यावेतन द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तीसेक वर्षं भोकरदन तालुक्यात गणित-विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळे सकाळी पेपर निवांत वाचून होतो आणि मग दुपारपर्यंत चिडचिड. गावाकडच्या शाळांत गणिताला शिक्षक नाही ही बातमी दर जूनला येतेच, पेरणीच्या बातमीसारखी. मग कुठं भाषेचे सर विज्ञान घेतात, कुठं पीटीचे सर भूमिती, आणि दहावीचा निकाल लागला की पोरं कच्ची म्हणून सगळे मोकळे. पण ज्यांना खरंच शिकवायचंय ती बीएस्सी झालेली पोरं जातात कुठं हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी, गणितात अशी की फळ्यावर मी चुकलो तर मागच्या बाकावरून सांगायची. तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी मॅथ्स केलं, फर्स्ट क्लास. शिकवायची हौस पहिल्यापासून. बी.एड. सीईटीचा फॉर्म भरायला मीच तिला नेट कॅफेत घेऊन गेलो, मार्क चांगले पडले, आणि शेवटी ॲडमिशन घेतलीच नाही. आता वाळूजला एका कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर आहे. कारण विचारलं तर म्हणाली, सर फीचं कसंही जमलं असतं हो, पण दोन वर्षं घरात एक रुपया आला नसता आणि वर मेस, रूम, पाठाचं साहित्य, एसटी, हे कुठून आणायचं.

इथंच आपली गाडी चुकतेय असं मला वाटतं. सरकार सवलत म्हणजे फी एवढंच धरतं. फीसाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना आहे, आता 2024 पासून प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींना व्यावसायिक कोर्सला पूर्ण फीमाफी आहे, चांगलंच आहे, नाव ठेवायचं कारण नाही. पण गरिबाच्या घरी फीपेक्षा मोठी रक्कम असते ती बुडालेल्या मजुरीची, आणि महाडीबीटीवर (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरून, त्रुटी निघून, परत भरून जो पैसा येतो त्याने या महिन्याचा किराणा भरत नाही. त्यात 2015 पासून बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, म्हणजे बिनपगारी काळ डबल. त्यातले 20 आठवडे इंटर्नशिप, म्हणजे छात्राध्यापक शाळेत जाऊन खरोखर तास घेतात, पाठ टाचण काढतात, वह्या तपासतात, कित्येकदा रजेवरच्या सरांचा वर्गही तेच सांभाळतात, आणि सगळं फुकट. डॉक्टरच्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं. बरं तेही सोडा, 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, त्यात पदवीधराला महिना 10 हजार, आणि आमच्याकडे त्यातली काही मुलं शाळांतच आली होती. म्हणजे बी.एड. न करता शाळेत आला तर 10 हजार आणि बी.एड. करताना आला तर शून्य, हे गणित मला तरी सुटत नाही आणि मी गणिताचाच मास्तर.

हुशार पोरांसाठी केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप 2008 पासून आली, वर्षाला 80 हजार, पण ती संशोधक घडवायला. शास्त्रज्ञ व्हावेतच, पण त्या शास्त्रज्ञाला आठवीत अपूर्णांक कोणी शिकवायचे? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर चक्क लिहिलंय की चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्तेवर मोठ्या संख्येने शिष्यवृत्त्या देऊ, ग्रामीण भागात खास वेगळ्या देऊ आणि शिकून झाल्यावर आपल्याच भागात नोकरीत प्राधान्यही देऊ. आमच्या भागातल्या एकाही पोराच्या हातात अशी शिष्यवृत्ती पडलेली मी अजून पाहिली नाही.

अमेरिकेत 2002 पासून रॉबर्ट नॉइस यांच्या नावाने (इंटेल कंपनी काढणाऱ्यांपैकी एक) अशी स्कॉलरशिप आहे, ती फक्त गणित-विज्ञान वगैरे विषयांचे शिक्षक होणाऱ्यांना. एक वर्ष पैसे घेतले की गरजू भागातल्या शाळेत दोन वर्षं शिकवायचं, नाही शिकवलं तर त्याच पैशाचं कर्ज होतं. सरळ व्यवहार. आपल्याकडेही बीएस्सी करून बी.एड.ला गणित-विज्ञान मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) घेणाऱ्याला महिन्याला 10 हजार थेट खात्यात द्या, आणि दोन वर्षांच्या बदल्यात चार वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेचा बाँड घ्या, पोरं आनंदाने सही करतील. इतिहास-भाषेवाले मित्र रागावतील, त्यांनाही मिळावं, पण बीएस्सीवाल्याला एमआयडीसी आणि कोचिंग क्लास दोन्हीकडून ओढ असते, म्हणून सुरुवात तिथून.

पण बाँड दोन्ही बाजूंनी पाहिजे बरं का. 2012 ला शिक्षक भरती बंद केली, मग भरतीचं ऑनलाइन पवित्र पोर्टल आलं, त्यासाठीची टीएआयटी (शिक्षक अभियोग्यता चाचणी) झाली 2017, 2023 आणि 2025 ला, मधल्या काळात पोरांची वयं निघून गेली. लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगार नाही, मानधन, माध्यमिकला महिना 18 हजार, आणि तेही 2023 ला वाढवले म्हणून, आधी 8 हजारच होते. आणि खाजगीत जागा निघाली की काही ठिकाणी डोनेशनचा आकडा आधी सांगतात, विषय कुठला ते नंतर विचारतात. तेव्हा पोरगं बाँड पाळायला तयार असताना जागाच नाही असं म्हणायची सोय सरकारला ठेवू नका, ठरलेल्या मुदतीत नेमणूक दिली नाही तर बाँड रद्द आणि विद्यावेतन वसूल करायचं नाही, असं जीआरमध्येच लिहा.

त्या मुलीचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. धाकटा भाऊ दहावीला, वर्गसमीकरणं अडलीत आणि शाळेत गणिताला कोणी नाही. शिफ्टवरून आली की रात्री अकराला व्हॉट्सॲपवर तीच त्याला शिकवते, आता त्याचे चार मित्रपण बसतात म्हणे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
ता. भोकरदन, जि. जालना