आमच्या गच्चीच्या खऱ्या माळीणबाईंना

मावशी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, त्याला कारण आहे. दिवाळीत आमच्या गच्चीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरले आणि तेव्हापासून जिन्यात भेटेल तो "काय हात आहे हो तुमचा!" म्हणतोय. बागेला पाणी मी घालते हे खरं, पण तिथे जे जे बघून लोक थांबतात ते आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींमुळे आहे, असं मी सांगून पाहिलं. लोक "तुमचा मोठेपणा" म्हणतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. तेव्हा म्हटलं, एकदा नीट तपशिलात लिहूनच काढावं. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवेलच. काही कमीजास्त झालं असेल तर सकाळी खालूनच हाक मारून सांगा, तसंही तुमचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आरामात येतो.

सुरुवात डब्यांपासून करायला हवी. मी डबे मागितले तेव्हा डबा म्हणजे डबा, एवढीच माझी समज. तुम्ही ढकलगाडीतला एकेक उचललात, उलटा केलात, बुडाशी बोटाने टकटक केलंत आणि मग चक्क नाक आत घालून वास घेतलात. "ह्यो घ्या, फरसाणवाल्याकडचा हाय, तेलाचा. ह्यो नको." तो 'नको' वाला डबा मला सगळ्यात आवडला होता. लाल रंगाचा, वर कडी असलेला, घासायचीही गरज नव्हती. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात. "ह्येच्यात औषीद होतं वैनी. किती बी धुवा, जोडात ऱ्हातंय." पत्र्याच्या डब्याच्या कडेला जी दुमड असते, तिच्यात कीटकनाशक किंवा थिनर शिरलं की ते साबणाने निघत नाही, हे त्या दिवशी कळलं. निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रमांचंही तसंच. आधी त्यात काय होतं हे सांगणारा माणूस समोर नसेल तर त्यात मेथी लावायची नाही, हा तुमचा नियम. आता मैत्रिणींना मी तोच सांगते आणि तुमचं नावही घेते.

मग भोकं. मी डबा पालथा घालून बाहेरून खिळा ठोकायला घेतला, तर तुम्ही गाडी सोडून जिना चढून आलात. आतून बाहेर ठोकायचं. बाहेरून ठोकलं की पत्र्याची धार आत वळते, भोकाभोवती कडं तयार होतं, त्याच्या खालचं पाणी डब्यातच साचतं आणि महिन्याभरात मुळं कुजतात. आतून ठोकलं की धार खाली जाते आणि पाणी सरळ निघून जातं. बुडाला पाच-सहा, शिवाय कडेला बोटभर उंचीवर दोन, म्हणजे बूड टेकलं असलं तरी वाट मोकळी राहते. डबा जमिनीवर ठेवायचाच नाही, खाली विटांचे तुकडे द्यायचे, कारण पत्रा सडायला लागतो तो बुडापासून. कापलेली कड पकडीने दुमडून घ्यायची. हे सगळं तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत आणि "चला, माझी पुढली बिल्डिंग ऱ्हायली" म्हणून निघून गेलात.

रंगाच्या बाबतीत मात्र आपलं चांगलंच वाजलं होतं. मला गडद निळा आणि काळा हवा होता, त्यावर पांढरी वारली काढायची असं डोक्यात होतं. तुम्ही विचारलंत, "तव्यावर झाड लावणार का?" आमची गच्ची पश्चिमेची. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि दुपारी तीनला तिथल्या पत्र्याला हात लावून दाखवावा कुणी. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपतं, त्याने ती थोडी तरी गार राहते. पत्र्याला ती सोय नाही. म्हणून उन्हाकडच्या सगळ्या डब्यांना पांढरा, फिका पिवळा, फिका पोपटी असेच रंग दिले. माझा निळा सावलीतल्या भिंतीला गेला. तिथे त्याच्यावर वारली नाच आहे, तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारा. तो माझ्या लेकीने काढलाय. गोल जरा लांबट झालाय, पण असू दे.

रंगकाम करणाऱ्यांसाठी इथेच लिहून टाकते. गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, मग पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइडचा हात, तो पूर्ण वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की रंग ओघळतो आणि वर साय धरून आत ओला राहतो. पावसाळ्यात रंगाच्या वाटेला जायचं नाही, चिकट राहतो आणि त्यावर चिलटं बसतात. दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. जस्ती बादली असेल तर तिच्यावर थेट ऑइल पेंट टिकत नाही, पापुद्रे निघतात. तिला जस्ती पत्र्यासाठीचा वेगळा प्रायमर लागतो. आमच्या रंगाच्या दुकानदाराने हे मी विचारल्यावर सांगितलं. तुम्ही ते न विचारता सांगितलं होतंत, फक्त "जस्तीला रंग धरत न्हाई, तशीच ऱ्हाऊ द्या" इतक्या शब्दांत. ती तशीच आहे, आणि गवती चहा तिच्यात माजलाय.

जुन्या, आधीच रंगवलेल्या वस्तूंची एक भानगड असते. घरगुती रंगातल्या विषारी शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं असेल सांगता येत नाही. त्यामुळे जुनी खिडकी किंवा पाळणा कोरडाच घासून धूळ उडवायची नाही, पाण्याने ओला करून ओल्या पॉलिश पेपरनेच घासायचा, आणि त्यात खायचं काही लावायचं नाही. आमच्याकडे रंगवलेल्या डब्यांत फुलझाडं असतात. पालेभाजी ग्रो बॅगमध्ये, आणि शोभेपुरती ती पिशवी डब्यात उभी.

माती. तुम्ही उस्मानाबादकडच्या (आताचं धाराशिव), बहात्तरच्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून पुण्यात आलेल्या. मी गावाकडून हौसेने काळी माती मागवली होती, शेतकऱ्याची माती म्हणून. तुम्ही मूठभर हातात घेऊन म्हणालात, "ही रानात सोनं, डब्यात वीट." खरंच आहे. काळी माती ओली असताना पाणी धरून बसते, वाळली की आकसून डब्याची कड सोडते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं आणि मुळं कोरडीच. तेव्हापासून लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जवळजवळ सारखं, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचा आणखी एक फायदा म्हणजे वजन. घनफूटभर ओली माती चाळीस किलोच्या पुढे जाते, आणि स्लॅबवर असे डबे मांडत सुटलं की खालच्या मजल्यावरचे काका छताकडे बघायला लागतात. (ते अजूनही बघतात. जड डबे आम्ही भिंतीकडेला, तुळईच्या वर ठेवलेत, हे त्यांना इथेच सांगून टाकते.)

आता ज्याच्यासाठी लोक फोटो काढतात ते. जुना वाडा पडला की त्याच्या कचऱ्यात काय काय येतं ते तुमच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. मंगलोरी कौलं तुम्ही आणून दिलीत, ती आता वाफ्याच्या कडेने उभी आहेत आणि प्रत्येकावर झाडाचं नाव आहे. बिनकाचेचा कंदील पिवळा रंगवला, त्यात पोर्टुलाका लावलाय, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. दहाच्या सुमारास तो फुलतो. सायकलचं चाक भिंतीला टांगलं, त्याच्या आऱ्यांमधून गोकर्ण चढली. किटलीच्या नळीतून पानफुटी बाहेर आली आहे, ती मी लावलेली नाही, तिची तीच आली. कान तुटलेला चिनी मातीचा घोडा मात्र तुम्ही आणलात तेव्हा मी नाक मुरडलं होतं. तो लेकीने शेंदरी केला आणि आता येणारं प्रत्येक लहान मूल आधी त्याच्याकडेच धावतं.

टायर मागितला तेव्हा तुम्ही साफ नाही म्हणालात. टायरच्या आतल्या पन्हाळीत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचल्या पाण्यात वाढतो, आठवडाभरात अंड्याचा डास होतो. तुमच्या वस्तीत एका पावसाळ्यात किती जण आजारी पडले ते तुम्ही मला मोजून सांगितलंत. तेव्हापासून कुंड्यांखालच्या ताटल्याही मी काढून टाकल्या.

आणि ती पत्र्याची ट्रंक. वर पांढऱ्या अक्षरांत एका मुलाचं नाव, खाली यत्ता, खाली वसतिगृहाच्या खोलीचा नंबर. रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं असणार, अक्षर वळणदार आहे, फक्त आडनावाला जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं बारीक होऊन कोपऱ्यात दबलीत. मी ब्रश बुडवला होता. तुम्ही म्हणालात, "नाव खोडू नका. कुणीतरी शिकाय गेलं होतं ते घिऊन." मग गंज तेवढा काढला, वरून नुसतं वॉर्निश मारलं. तिच्यात आता शेवंती आहे. नाव कुणाचं, असं पाहुणे विचारतात.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिलीच. चंदीगडला रॉक गार्डन नावाची बाग आहे. ती नेकचंद नावाच्या माणसाने केली. तो सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवरचा निरीक्षक होता. नवं शहर वसवायला गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशांचे तुकडे तो सायकलवरून गोळा करायचा आणि जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप माणसं-प्राणी घडवायचा. कित्येक वर्षं कुणाला पत्ता नव्हता. पुढे खात्याला कळलं, पाडापाडीची भाषा झाली, पण लोक त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये ती बाग सगळ्यांसाठी उघडली. १९८४ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. मोबाइलवर फोटो दाखवले तर तुम्ही त्यातली निम्मी भांडी ओळखाल, कुठल्या कारखान्याची ते सकट.

आता पैशांचं, कारण ते न लिहिता आभार मानले तर ते कोरडेच राहतील. तुमचा हिशोब किलोवर चालतो. माझ्यासाठी एक डबा बाजूला काढलात की तेवढा पत्रा संध्याकाळी काट्यावर कमी पडतो, कंदील काढलात की तेवढं लोखंड. पहिल्याच वेळी तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "फुकट न्हाई हं वैनी." मला ते फार आवडलं. आपण दर ठरवला तो भंगाराचा नाही, निवडून आणल्याचा. गाडीतल्या ढिगातून नेमका चांगला डबा कोणता, हे कळायला एवढी वर्षं रस्त्यावर काढावी लागतात. आमच्याच बिल्डिंगमध्ये "कचराच तो, त्याचे कसले पैसे?" असं म्हणणारे आहेत. तीच मंडळी नर्सरीत हजार रुपयांची सिरॅमिकची कुंडी घासाघीस न करता घेतात. त्यांना मी आता उत्तर देत नाही. तुमच्या गळ्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं ओळखपत्र आहे, ती संघटना १९९३ पासून हेच सांगत आलीय की कचरा वेचणं हे काम आहे. त्यात मी वेगळी काय भर घालणार?

ज्यांना गच्ची बघून "आम्हालाही असं करायचंय" असं वाटतं, त्यांना एवढंच सांगेन की आधी आपल्या दारात येणाऱ्या ताईंना विचारा. आणि फुटकी काच, ब्लेड, खिळे वेगळे गुंडाळून वर लिहून द्या. तुमच्या उजव्या तळहातावरची ती लांब खूण कशाची, हे मी एकदा विचारलं होतं. कुणाच्या घरातून आलेली काच, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

मावशी, तुमच्यामुळे ही गच्ची बघण्याजोगी झाली. मनापासून आभार. गुरुवारी येताना थोडा वेळ काढून वर या. तुम्ही दिलेल्या डब्यांतली मेथी काढायला आलीय, दोन जुड्या तुमच्या. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, पुढची बिल्डिंग पाच मिनिटं थांबेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वैनी

ता. क. : शिलाई मशीनचा बिडाचा पाय मिळाला तर माझ्यासाठी ठेवा. बीड जड असतं आणि भावही बरा येतो, तेव्हा काट्यावर जे होईल ते आधी सांगा, त्याच्या वर आपण ठरवू.