हवेचा निधी धुळीपाशीच का अडतो?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातील सुमारे १३० शहरे असून त्यांपैकी १९ महाराष्ट्रातील आहेत. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना यासाठी पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान मिळत आले, तर चंद्रपूरसारख्या लहान शहरांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडून निधी येत आला. रक्कम अपुरी आहे की पुरेशी, यावर बरेच बोलले जाते. ती कोणत्या निकषावर मिळते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

अनुदान ठरवताना प्रामुख्याने पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे हवेतील प्रमाण किती घटले, हे पाहिले गेले. या कणांत रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा असल्याने यांत्रिक झाडू, पाण्याचे फवारे आणि रस्त्यांच्या कडेचे फरसबंदीकरण यांवर खर्च करणे महापालिकांना सोयीचे ठरते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये दाखवून दिले की, निधीपैकी सुमारे ६४ टक्के भाग धुळीच्या कामांकडे गेला, वाहनांच्या धुरासाठी १३ टक्क्यांच्या आसपास, आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्कादेखील आला नाही. धूळ आवरायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. परंतु फुप्फुसात खोलवर उतरून रक्तापर्यंत पोहोचणारे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण मुख्यतः काहीतरी जळण्यातून येतात, मग ते डिझेल असो, दगडी कोळसा असो वा गल्लीच्या टोकाला पेटवलेला कचरा. झाडूने ते गोळा होत नाहीत.

आमच्या नागपूरचेच पाहा. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आहेत आणि दोन्ही महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तेथील धुरांड्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे हवेत सूक्ष्म कण बनतात आणि ते हद्द पाहून थांबत नाहीत. निधी मात्र महापालिकेच्या हाती येतो, जिला या केंद्रांवर काडीचाही अधिकार नाही. महापालिकेला दोष देऊन येथे काय साधणार? शहर, लगतच्या नगरपंचायती आणि औद्योगिक पट्टा यांचा एकत्र विचार करणारी, अधिकार असलेली यंत्रणा राज्य शासनाने उभी केली पाहिजे आणि निधीचा एक हिस्सा तिच्याकडे गेला पाहिजे.

वित्त आयोगाच्या या अनुदानाची मुदत मार्च २०२६ पर्यंतच आखलेली होती. यापुढचा पैसा ज्या योजनेतून येईल, तिच्या निकषांत पीएम २.५ ला पहिले स्थान द्यावे, एवढी विनंती केंद्र सरकारपर्यंत आपल्या दैनिकाद्वारे पोहोचावी. तसेच आजवर मिळालेल्या रकमेतून धूळ, वाहने, कचरा आणि उद्योग यांवर किती खर्च झाला, याचा तपशील प्रत्येक महापालिकेने अर्थसंकल्पासोबत मराठीत प्रसिद्ध करावा.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर