बाईंनी केंद्रप्रमुख व्हायचे कसे?

महोदय,

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात. आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या आहेत. सोयाबीनची सोंगणी सोडून सभेला येतात, पोषण आहाराच्या तेलाचा हिशेब मागतात. अध्यक्ष मात्र दरवेळी कोणीतरी 'भाऊ'च! आरक्षणामुळे सरपंचपद बायकांकडे आले, शाळेतल्या वरच्या खुर्च्या तशाच राहिल्या.

मी सहायक शिक्षिका आहे. केंद्रप्रमुखपदाचा, म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या पदाचा, विषय काढला, तर एक सहकारी म्हणाले, "मॅडम, एवढ्या गावाईत गाडीवर फिरनं जमन काय?" पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने मी रोज स्कूटीनेच शाळा गाठते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

अडचण गाडीची नाहीच. केंद्रातल्या शाळांची बैठक चारला सुरू होते, शेवटची एसटी निघून गेल्यावर संपते. ज्या शाळेत बैठक, तिथल्या शौचालयाला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. मग बाई 'जबाबदारी नको म्हणतात' असा शेरा!

बैठका दुपारी दोनच्या आत सुरू कराव्यात, शौचालये उघडी ठेवावीत आणि समितीचे अध्यक्षपद एकाआड एक मुदतीत आईपालकांना मिळावे, ही विनंती.

– एक शिक्षिका, जि. यवतमाळ