बंदराकडे जाणारा ड्रम आणि घाटातून जाणारा ड्रम

प्रति,
मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

विषय: धोकादायक रसायनांच्या ड्रम-कॅनची चाचणी देशांतर्गत वाहतुकीलाही सक्तीची करण्याबाबत

सा. न. वि. वि.

रायगड जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत डिस्पॅच खात्यात नोकरी करून मी निवृत्त झालो. ड्रम भरून घ्यायचे, लेबलं लावायची, गाडी लोड करून चलन हातात द्यायचं, हे माझं काम. धोरणातलं मला फार कळत नाही. ड्रममधलं कळतं.

आमच्या गोदामात दोन रांगा असायच्या. एक न्हावा शेवा बंदरातून निर्यात होणाऱ्या मालाची, दुसरी लोकल. माल तोच आणि लांबून पाहिलं तर निळा ड्रमही तोच. पण निर्यातीच्या ड्रमवर संयुक्त राष्ट्रांचा ठसा, म्हणजे तो नमुना ठरलेल्या चाचण्या पास झाल्याची खूण, असल्याशिवाय आम्ही तो भरायला घेत नसू, कारण बंदरातून माल परत आला तर साहेब आधी मलाच बोलावणार. लोकलच्या ड्रमला कुणी काही विचारत नव्हतं. गळत नाही ना? मग चढवा.

तो ठसा फुकट मिळत नाही. मध्यम धोक्याच्या मालासाठी भरलेला ड्रम १.२ मीटरवरून कठीण जमिनीवर आपटतात. प्लॅस्टिकचा असेल तर आधी उणे १८ अंशांपर्यंत गार करून, कारण गारठलेलं प्लॅस्टिक लवकर तडकतं. द्रवासाठीचा प्लॅस्टिक ड्रम ३ मीटर उंच थप्पीचं वजन डोक्यावर घेऊन ४० अंशांत २८ दिवस उभा ठेवतात. शिवाय आतून दाब देऊन बघतात. हे काम आपल्याकडे होतं. अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेकडून असं प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रं आहेत, फक्त ती परदेशी गिऱ्हाइकासाठी राबतात.

१.२ मीटर हा आकडा वाचून मला हसू आलं होतं. ट्रकचा फाळका साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. आपल्याकडे ड्रम उतरवायची रीत आपण पाहिली असेलच: खाली जुना टायर टाकायचा, वरून ड्रम आडवा करून ढकलायचा. प्रयोगशाळेत जी परीक्षा एकदा होते ती आमचे हमाल दिवसातून शंभर वेळा घेतात, तीही परीक्षेला कधीच न बसलेल्या ड्रमची.

एका गिऱ्हाइकाच्या गोदामात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन उतरत होते तेव्हा मी समोर होतो. भंगारातून फिरून आलेले कॅन. बुचाची वायसर गेलेली, तिच्या जागी पॉलिथिनचा तुकडा दाबून बूच आवळलेलं. एक कॅन टायरवर पडला आणि तळाच्या कोपऱ्यात उभा फाटला. उतरवणाऱ्या हमाल पोराच्या मनगटापासून कोपरापर्यंत ॲसिड गेलं. नळ गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. त्याला धरून तिथवर नेलं, पाण्याखाली हात धरून ठेवला, आणि नंतर तो कॅन उचलून बघितला. उन्हाने इतका पिठूळला होता की नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघाली. बनवल्याचं वर्ष कुठेच नव्हतं. ठशाच्या ड्रमवर महिना-वर्ष असतंच, आणि साधारणपणे ५ वर्षांनंतर प्लॅस्टिकचा ड्रम धोकादायक मालासाठी वापरता येत नाही. हा कॅन किती वर्षांचा होता देव जाणे.

आता नियमांचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ ते १३७ मी नोकरीत पाठ केले होते. गाडीवर धोक्याचं चिन्ह, आपत्कालीन माहितीचा फलक, ड्रायव्हरजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं ते लिहिलेला कागद; ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे ते नियम ९ मध्ये. चांगलंच आहे. पण हे सगळं मुख्यतः गाडी आणि ड्रायव्हर यांच्याबद्दल. ज्या भांड्यात माल आहे ते पडून-दबून टिकेल का, याची चाचणी त्यात मागितलेली नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी आयएस १८१४९ हे मानक काढलं, त्यात पॅकेजिंगही आहे, पण ती मार्गदर्शक तत्त्वं. मार्गदर्शक म्हटलं की आमच्याकडे कागद फायलीला लागतो.

माझी मागणी एवढीच की त्यातला पॅकेजिंगचा भाग मोटार वाहन नियमांत घ्या आणि बंधनकारक करा. लहान कारखाने खर्चाचं रडगाणं गातील. मीही गायलो असतो. पण आपटायची आणि थप्पीची चाचणी प्रत्येक ड्रमची नसते, त्या नमुन्याच्या मोजक्या ड्रमांची असते, आणि ती ड्रम बनवणाऱ्याने करायची असते. साफ-दुरुस्त करून पुन्हा वापरायच्या ड्रमची गळती मात्र दर वेळी बघावी लागते. त्याचं तंत्र पंक्चरवाल्याचंच: आत हवा भरा, पाण्याखाली धरा, बुडबुडे बघा. मध्यम धोक्याच्या द्रवासाठी हवेचा दाब २० किलोपास्कल, मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दहाव्या हिश्श्याएवढा. एक हौद, एक कॉम्प्रेसर आणि पाच मिनिटं. हे ज्याला परवडत नाही त्याने ॲसिड विकू नये.

टप्प्याटप्प्याने करायचं असेल तर आधी ॲसिडचे जुने कॅन घ्या. वर्ष छापलेलं नसेल तर भरायचा नाही, आणि भरला तर जबाबदार भरणारा. ड्रायव्हर नव्हे. आज तपासणीत पकडला जातो तो तोच, आणि बुचाखाली पॉलिथिन कुणी लावलंय हे त्याला माहीतही नसतं.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त डिस्पॅच सुपरवायझर, जि. रायगड

ता. क. हेच निळे ड्रम पुढे पाणी साठवायला बाजारात येतात. आत आधी काय होतं हे विकणाराही सांगू शकत नाही. ते खातं आपलं नाही हे ठाऊक आहे, तरी संबंधितांच्या कानावर घालावं.