संध्याकाळची ओपीडी का नाही?

महोदय,

कालच्या पुरवणीतील व्यसनमुक्तीवरचा लेख वाचून मन फार अस्वस्थ झाले. दारू सोडायची तर दाखल व्हावेच लागते, असा त्याचा सूर आहे. दारू थांबवताच ज्यांना फिट येते किंवा भ्रम होतो, त्यांना दाखल केलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या १८० जणांपैकी जेमतेम एकाला दाखल होऊन उपचार मिळतात. बाकीच्यांनी कुठे जावे, याविषयी लेखात एक ओळही नाही.

माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर काम करतो. महिनाभर दाखल झाला तर घरात चूल पेटणार नाही, म्हणून ओपीडीत उपचार घेण्यास तो स्वतःहून तयार झाला. मानसोपचाराची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस आणि केसपेपर सकाळी अकरापर्यंतच, त्यामुळे प्रत्येक खेपेला त्याची एक पाळी बुडायची. दोनदा तो ओपीडीत गेला. तिसऱ्या खेपेस डॉक्टर शिबिराला गेले होते, समुपदेशकाची जागा रिकामी होती, आणि मागच्याच गोळ्या लिहून त्याला परत पाठवण्यात आले. त्या संध्याकाळी तो पिऊन घरी आला आणि एवढेच म्हणाला, "ताई, मी गेलो होतो ना?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलून पुष्कळांचे पिणे आटोक्यात आणले. तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे. भावासारख्या जुन्या व्यसनाला तेवढे पुरणार नाही, हे मी जाणते. पण संध्याकाळी सहानंतर बोलायला एक माणूस तरी बसवता येणार नाही का?

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच अंकात 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशी पुडीची जाहिरात आहे. माझ्या वहिनीने अशीच पुडी आमटीत कालवली होती. अशा पुडीत दारू सोडवण्याचे डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकाएकी कोसळून जिवावर बेतू शकते, म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. पुडीत काय आहे, हे वहिनीला कोणी सांगितले नव्हते. ही जाहिरात आपण कृपया बंद करावी.

भाऊ येत्या मंगळवारी पुन्हा ओपीडीत जायला तयार आहे. मालकाने अजून सुट्टी दिलेली नाही.

आपली एक वाचक,
इचलकरंजी