तो शेवट रडवण्यासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला कोरियन ऐतिहासिक चित्रपटांवरचा लेख काल वाचला. प्रेमिकांना मारल्याशिवाय हे चित्रपट संपतच नाहीत, प्रेक्षकांना रडवायचा तो धंदा आहे, असे सांगून लेखक मोकळे झाले. दिग्दर्शक इम क्वोन-ताएक यांच्या ‘चुनह्यांग’मध्ये (२०००) कलावंतिणीची लेक अधिकाऱ्याचे फटके खाते, तुरुंगात खितपत पडते आणि शेवटी तिचा नवरा तिला परत मिळतो. कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात पोहोचलेला हा पहिला कोरियन चित्रपट. लेखात त्याचा उल्लेखही नसावा?

पण खरा राग ‘द किंग अँड द क्लाउन’ या, एक राजा आणि दोन भटके कलावंत यांच्यावरच्या चित्रपटाबद्दलच्या शेऱ्याचा आला. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका चित्रपट मंडळाने तो दाखवला होता. त्या दोघांपैकी राजाने डोळे फोडलेला जांगसेंग दोरीवर चढला आणि नेमका तिथेच प्रोजेक्टर बंद केला, कारण सभागृहाची वेळ संपत आली होती! ‘पुढे काय, मरतातच सगळे,’ असे माइकवरून सांगण्यात आले. मी उभा राहून हरकत घेतली, तोवर लोक चपला शोधू लागले होते. तुमच्या लेखकांनी परवा तेच वाक्य छापून आणले.

पुढे काय होते? पुढच्या जन्मी काय व्हायचे, असा प्रश्न त्या दोरीवर दोघा कलावंतांत निघतो. पुन्हा खेळ करणारेच, असे उत्तर येते. समाजाने सर्वांत खाली ढकललेली ही माणसे, आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारखी. तेवढ्यात बंडखोर राजवाड्यात घुसतात. हे बंड पटकथेसाठी रचलेले नाही. चित्रपटातल्या या योनसान राजाला १५०६ मध्ये खरोखरच पदच्युत केले गेले. त्याच्या आईला तो लहान असताना विष देऊन मारले होते. चित्रपटात तोच प्रसंग हे खेळे दरबारात वठवतात आणि राजाचा तोल सुटतो. ज्या दरबारात राजाचीच आई वाचली नाही, तिथे दोन भटक्या कलावंतांच्या जिव्हाळ्याला कोण जगू देणार? ही निराशा इतिहासानेच दिलेली आहे. कोरियात एक कोटीहून अधिक लोकांनी हा चित्रपट थिएटरात जाऊन पाहिला, ते काय नुसते रडायला?

आणखी एक. एवढ्या मोठ्या लेखात या चित्रपटाचे दिग्दर्शक ली जून-इक यांचे नाव एकदाही नाही. नटांच्या केशरचनेला मात्र अख्खा परिच्छेद दिला आहे. चित्रपटांच्या पानावर दिग्दर्शकाचे नाव आणि प्रदर्शनाचे वर्ष देण्याची पद्धत तुमच्याकडे पूर्वी होती, ती कृपया पुन्हा सुरू करावी.

आपला,
एक नियमित वाचक